'मेस अप', 'मेस विथ', 'मेस अराउंड': तिन्हींत फरक काय आणि क्लायंटच्या मेलमध्ये चालतात का?

ऐरोली_रात्रपाळी

नमस्कार. ऐरोलीत सपोर्ट टीममध्ये काम आहे, क्लायंट अमेरिकेतला. एकाच आठवड्यात 'मेस' हा शब्द तीन वेगवेगळ्या वाक्यांत आला:

१. "डोन्ट वरी, वुई ऑल मेस अप." (हे मॅनेजरने लिहिलं)
२. "प्लीज डोन्ट मेस विथ द कॉन्फिग फाइल अन्टिल मंडे." (कॉन्फिग फाइल म्हणजे सिस्टिमच्या सेटिंगची फाइल)
३. "रिलॅक्स, आय वॉज जस्ट मेसिंग विथ यू."

'मेस' म्हणजे पसारा एवढंच माहीत होतं. पहिल्या वाक्याला तो अर्थ कसाबसा लागतो, दुसऱ्याला ओढूनताणून, तिसऱ्याला अजिबात नाही. शब्दकोशात अर्थांची यादी मिळते, पण कुठे कोणता घ्यायचा ते त्यातून कळत नाही. आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल सोमवारी क्लायंटला खुलासा पाठवायचा आहे. त्यात 'वुई मेस्ड अप द फाइल' लिहिलं तर चालेल का? की उद्धट वाटेल?

---

तलावपाळी

ही तीन वाक्यं म्हणजे दोन वेगळी क्रियापदं आहेत असं धरून चला. 'मेस' दोन्हींत दिसतं म्हणून आपण त्यालाच धरून बसतो आणि फसतो. अर्थ ठरवतो तो पुढचा छोटा शब्द.

मराठी माणसाला हे खरं तर परकं वाटायला नको. आपल्याकडे 'करणे' एकच, पण 'करून टाकलं', 'करून ठेवलं', 'करून बसला' यांची चव वेगळी. 'हे काय करून बसलास?' या वाक्यात कोणी खुर्चीवर बसलेलं नसतं. त्या 'बसणे'मध्ये हातून काहीतरी बिघडलंय आणि आता ते निस्तरावं लागणार, एवढं सगळं असतं. इंग्रजीत हे काम 'अप', 'विथ', 'अराउंड' करतात. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून टाक. 'मेस अप'मधलं 'अप'ही वरच्या दिशेचं नाही, काम तडीला गेल्याचं आहे. बिघडलं ते पुरतं बिघडलं.

आता अर्थ. 'मेस अप'चा जमिनीवरचा अर्थ विस्कटणे: केस, अंथरूण, इस्त्रीचे कपडे, कपाट. त्यावरून पुढचा अर्थ येतो. आपणही साडीची घडी विस्कटली म्हणतो आणि संसाराची घडी विस्कटली असंही म्हणतो, अगदी त्याच वाटेने. "द मेगाब्लॉक मेस्ड अप एव्हरीवन्स संडे" म्हणजे मेगाब्लॉकने सगळ्यांच्या रविवारचा विचका केला. पुढे कर्म नसेल तर नुसतं चुकणे, घोळ घालणे. तुमचं पहिलं वाक्य हेच: 'काळजी करू नकोस, सगळ्यांच्याच हातून चुका होतात.'

मराठी प्रतिशब्द निवडताना वजन बघा. 'घोळ घालणे' सर्वांत जवळचं. 'माती करणे', 'वाट लावणे' जास्त जोराचं. 'बट्ट्याबोळ' तर फारच पुढचं. 'घोटाळा' टाळा, वर्तमानपत्रांनी त्याला पैसे खाण्याचा वास लावून ठेवला आहे. 'पचका' पण नको, पचक्यात फजितीचा भाग मोठा आणि चुकीचा लहान.

'मेस विथ'चा गाभा ढवळाढवळ. आपलं काम नसताना, किंवा पुरतं माहीत नसताना, एखाद्या चालू गोष्टीत हात घालणे. दुसरं वाक्य: 'सोमवारपर्यंत कॉन्फिग फाइलला हात लावू नकोस.' तुम्ही ती बिघडवलीत असा आरोप त्यात नाही, फक्त हात लांब ठेवायला सांगितलंय. कर्म माणूस असला की 'मेस विथ'ला दोन टोकं येतात. "डोन्ट मेस विथ हर" म्हणजे तिच्या वाटेला जाऊ नकोस, आपलं 'नाद करायचा नाही'. आणि "आय वॉज जस्ट मेसिंग विथ यू" म्हणजे उगाच तुझी खेचत होतो. कोणतं टोक, हे 'जस्ट' आणि एकंदर सूर यांवरून कळतं. तुमच्या तिसऱ्या वाक्यात 'रिलॅक्स' आणि 'जस्ट' दोन्ही आहेत, म्हणजे शंकेला जागा नाही.

एक सावधगिरी, ही चूक खरोखर महागात जाते. 'मेस समवन अप' म्हणजे एखाद्याचा गोंधळ उडवणे असं समजून वापरू नका. "दे मेस्ड हिम अप" याचा पहिला अर्थ त्याला बदडलं असा होतो, दुसरा त्याच्या मनावर खोल जखम केली असा. 'माझ्या मेलमुळे त्याचा गोंधळ झाला' हे सांगायचं असेल तर 'माय मेल कन्फ्यूज्ड हिम' पुरे.

---

नेरूळ_उच्चारवर्ग

वरचं उत्तर नेमकं आहे. वापरताना जिथे अडतं ते सांगते.

कर्म कुठे ठेवायचं? 'मेस अप'चे दोन तुकडे सुटे होतात. 'मेस अप द फाइल' बरोबर, 'मेस द फाइल अप'ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'मेस इट अप', 'मेस देम अप'. 'मेस अप इट' चूक. ही चूक आपल्याकडे फार ऐकू येते, कारण 'मेस अप' हा एक अखंड शब्द म्हणून पाठ झालेला असतो. उलट कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी न्यायचं. 'मेस अप द फाइल दॅट द क्लायंट सेंट ऑन फ्रायडे' म्हणा. हे सगळं मध्ये कोंबून 'अप' शेवटी टाकलंत तर ऐकणारा तिथपर्यंत क्रियापद विसरतो.

'मेस विथ' कधीच सुटत नाही. 'मेस विथ इट' एवढंच. 'मेस इट विथ' असं काही नाही.

कुठल्याही अशा क्रियापदाची परीक्षा घ्यायची तर कर्माच्या जागी 'इट' ठेवून वाक्य मोठ्याने म्हणा. 'टर्न इट ऑफ', 'फिगर इट आउट' सुटतात. 'लुक फॉर इट', 'डील विथ इट' सुटत नाहीत.

'अप' गाळू नका. बोलण्याच्या भरात 'आय मेस्ड' एवढंच म्हणून थांबणारे आहेत. ते अर्धवट तर राहतंच, शिवाय नुसतं 'मेस' हे क्रियापद इंग्रजीत घाण करण्यासाठी वापरतात. "द डॉग मेस्ड ऑन द कार्पेट" म्हणजे कुत्र्याने गालिच्यावर घाण केली. माणसाबद्दल म्हटलं तर कपड्यात केली. कॉलवर हे वाक्य अर्धं सोडणं बरं नाही.

उच्चार. देवनागरीत आपण 'मेस्ड' लिहितो, पण शेवटी 'ड' नाही, 'ट' आहे. 'स'नंतर भूतकाळाचा प्रत्यय 'ट' होतो: 'मेस्ट', 'पास्ट', 'मिस्ट'. आणि पुढचा 'अप' त्याला चिकटतो: 'मेस्टप'. कॉलवर 'मेस्टप' ऐकू आलं आणि हा कोणता नवा शब्द असं वाटलं, तर तो हाच. आघात 'अप'वर द्या: मेस्ट-अऽप. 'मेस विथ'मध्ये उलट, आघात 'मेस'वर आणि 'विथ' जेमतेम ऐकू येतो. नाम करून 'अ मेस-अप' म्हणायचं असेल तर आघात पुन्हा पहिल्या भागावर. आघात चुकला तर शब्द बरोबर असूनही समोरचा 'सॉरी?' म्हणतो.

'मेस'चा स्वर आखूड ठेवा. आपला 'ए' ताणला जातो आणि 'मेझ'सारखं काहीतरी ऐकू जातं. फार तोंड उघडलं की 'मास' होतं. 'मेस्ड' आणि 'मिस्ड'चा गोंधळ तर रोजचा. "आय मेस्ड द कॉल" असं ऐकून समोरचा कॉलमध्ये काय घोळ झाला ते विचारत बसतो, आणि यांना फक्त कॉल चुकला एवढंच सांगायचं असतं.

---

पाचपाखाडी_कोशवाला

'मेस' म्हणजे पसारा एवढंच माहीत होतं असं प्रश्नात आहे, पण दुसरी मेस रोज जेवायला लागणारी आहे. कोपरखैरण्यापासून नेरूळपर्यंत पोरं महिन्याचे पैसे भरून जेवतात ती मेस. दोन्ही शब्द एकच आहेत.

जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस' म्हणजे ताटात वाढलेला भाग. त्यामागे लॅटिनचं 'मित्तेरे', पाठवणे किंवा ठेवणे. 'मिशन', 'मेसेज', 'मिसाइल' याच घरातले. इंग्रजीत हा शब्द सन १३००च्या आसपास आला तो जेवणाच्या अर्थाने. पुढे त्याला दोन फांद्या फुटल्या. एक पंगतीची: एकत्र जेवणारी मंडळी, मग सैन्याचं भोजनगृह, मग आपली खानावळ. दुसरी फांदी ताटातल्या पदार्थाची: पातळ, कालवलेलं अन्न, मग जनावरांपुढे ठेवायचं मिश्रण, मग कशात काय मिसळलंय कळत नाही असा ढीग, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरळ गोंधळ. क्रियापदाला 'अप' लागून चुकणे हा अर्थ त्यानंतरचा, मूळ अमेरिकी बोलीतला.

अन्नावरून गोंधळाकडे जाणं आपल्यालाही नवं नाही. 'सगळी खिचडी झाली', 'सगळ्याचा काला झाला' म्हणतो तेव्हा आपण हेच करतो. म्हणून 'मेस अप' लक्षात ठेवायचं असेल तर पसाऱ्यापेक्षा काला आठवा: वेगळ्या राहायला हव्या होत्या त्या गोष्टी एकात कालवल्या गेल्या.

ठाण्यात हा प्रश्न निघतोच म्हणून सांगतो, मिसळीशी याचं नातं नाही. ती आपल्या 'मिश्र'वरून आलेली.

'मेस विथ'चं एक उदाहरण ध्यानात राहण्यासारखं आहे. 'डोन्ट मेस विथ टेक्सास' हे वाक्य आज त्या राज्याची शेखी म्हणून टी-शर्टांवर दिसतं. मुळात ती तिथल्या वाहतूक खात्याची रस्त्यावर कचरा टाकू नका अशी मोहीम, १९८५-८६च्या सुमारास सुरू झालेली. आमच्या वाटेला जाऊ नका आणि आमच्याकडे घाण करू नका, असे 'मेस'चे दोन्ही अर्थ एका वाक्यात बसवले आहेत.

---

तलावपाळी

'मेस अराउंड' शीर्षकात आहे आणि राहूनच गेलं.

त्यात बिघाड असतोच असं नाही. उद्देशाशिवाय काहीतरी करत राहणे, नसते चाळे, टाइमपास. "स्टॉप मेसिंग अराउंड" म्हणजे पुरे झाले चाळे. पण "आय मेस्ड अराउंड विथ द सेटिंग्ज अँड इट वर्क्ड" हे वाक्य चांगल्या अर्थाचं आहे: सेटिंग इकडेतिकडे करून पाहिलं आणि जमलं. तेच दुसऱ्याच्या सेटिंगबद्दल 'समवन मेस्ड विथ द सेटिंग्ज' झालं की सूर तक्रारीचा होतो. माणसाच्या बाबतीत 'मेसिंग अराउंड विथ समवन' म्हणजे बऱ्याचदा लफडं, तेव्हा सहकाऱ्यांबद्दल बोलताना हे टाळाच.

ब्रिटिश लोक 'अराउंड'ऐवजी 'अबाउट' जास्त वापरतात. त्यांच्याकडे 'मेस समवन अबाउट' असाही प्रयोग आहे: आज या, उद्या या, म्हणजे झुलवत ठेवणे. इथे पुन्हा कर्म मध्ये.

आणि 'दॅट्स मेस्ड अप'. कोणी सांगितलं की घरी आजारपण असताना रजा नाकारली, आणि अमेरिकन सहकारी 'दॅट्स मेस्ड अप' म्हणाला, तर तो अव्यवस्थेबद्दल बोलत नाही. 'हे चुकीचं केलं तुझ्याशी' असं तो म्हणतोय. ही सहानुभूती आहे, तिला 'नो नो, एव्हरीथिंग इज इन ऑर्डर' असं उत्तर देऊ नका.

---

वाशी_सेक्टर१७

मेलबद्दल कोणी बोललं नाही, आणि खरी निकड तिथे आहे.

'मेस अप' अनौपचारिक आहे, असभ्य नाही. चढण अशी: 'मेक अ मिस्टेक' कुठेही चालतं. 'स्लिप अप' म्हणजे लहानशी नजरचूक, त्याला कर्म लागत नाही, 'स्लिप अप ऑन द डेट' म्हणायचं. 'मेस अप' ओळखीच्या माणसांत, चॅटवर, टीमच्या कॉलवर. 'स्क्रू अप' त्याहून रांगडं, काहींना खटकतं, वरिष्ठांशी बोलताना नको. त्यापुढचा एक शब्द चित्रपटांत ऐकू येतो, तो ऑफिसात लिहू नये. ब्रिटिशांचा 'कॉक-अप'ही त्यांच्यात सहज चालतो, पण आपण लिहायचा नाही.

मॅनेजरने तुम्हाला 'वुई ऑल मेस अप' लिहिलं ते धीर द्यायला. तो शब्द त्याने वापरला म्हणून तोच क्लायंटच्या खुलाशात गेला पाहिजे असं नाही. मॅनेजरला चॅटवर 'सॉरी, आय मेस्ड अप द डेट फॉरमॅट. फिक्सिंग इट नाऊ' अगदी छान. क्लायंटच्या मेलमध्ये मात्र नको. उद्धट वाटेल म्हणून नव्हे, तर त्यातून काहीच कळत नाही म्हणून. फाइल मेस अप झाली म्हणजे नेमकं काय? स्तंभ सरकले, तारखा उलटल्या, की नोंदी गेल्या? खुलाशाचा मेल पुढे सहा जणांकडे जातो. ज्याला काही माहीत नाही अशा सहाव्या माणसालाही तो वाचून कळला पाहिजे.

लिहायचा क्रम: काय बदललं, कधी, त्याने काय अडलं, काय करून सुरू केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. माफी एकदाच, सुरुवातीला. शेवटी पुन्हा माफी मागितली की मेल रडका होतो. वेळ लिहिताना आपली आणि त्यांची दोन्ही द्या. न्यूयॉर्कशी उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात तेव्हा इथेच चूक होते.

आणि एक. क्लायंटची चूक असली तरी 'यू मेस्ड अप' कधीच नाही. 'इट लुक्स लाइक द डेट्स गॉट मेस्ड अप समव्हेअर' हे ओळखीच्या माणसाला चॅटवर चालेल. 'गॉट'ने कर्ता वाक्याबाहेर जातो.

---

गोखले_रोड

'गॉट मेस्ड अप'ची शिफारस दुसऱ्याची चूक झाकायला ठीक आहे. स्वतःच्या चुकीसाठी मात्र ती करू नये असं ठामपणे वाटतं, आणि याचं कारण आपल्या मराठीत आहे.

आपण म्हणतो 'माझ्याकडून चूक झाली'. मराठीत हे नम्र आहे आणि जबाबदारी घेणारंही आहे. ऐकणाऱ्याला त्यात पळवाट दिसत नाही. तेच शब्दशः इंग्रजीत नेलं की 'मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम माय साइड' होतं. इंग्रजी ऐकणाऱ्याला यात दोन गोष्टी खटकतात. एक, चूक आपोआप घडल्यासारखी वाटते. दोन, 'फ्रॉम माय साइड' ऐकून दुसऱ्या बाजूचीही काही चूक होती की काय असं वाटतं. म्हणजे आपण नम्रतेने बोललो आणि त्याला अंग झटकल्यासारखं ऐकू गेलं.

इंग्रजीत चूक पत्करायची तर कर्ता पुढे उभा राहतो: 'आय मेस्ड अप', 'आय मेड अ मिस्टेक', 'वुई मेड अॅन एरर'. आपल्या कानाला हे 'मी चुकवलं' असं रोखठोक, जवळजवळ फुशारकीसारखं लागतं. त्यांना ते प्रामाणिक वाटतं. 'आय मेस्ड अप' हे वाक्य तिथे लोकांना आवडतं ते यामुळेच. तीन शब्द, सबब एकही नाही.

जाता जाता, 'डिड अ मिस्टेक' नाही, 'मेड अ मिस्टेक'. 'चूक केली'मुळे आपल्या हातून 'डू' येतं. 'मेस अप'चा फायदा असा की त्यात 'डू' की 'मेक' हा प्रश्नच उरत नाही.

---

ऐरोली_रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा असा केला आहे, बघाल का?

"वुई अपॉलोजाइझ फॉर द डिले. ऑन थर्सडे द डेट फॉरमॅट इन द कॉन्फिग फाइल वॉज चेंज्ड बाय मिस्टेक फ्रॉम अवर साइड. ड्यू टू धिस द नाइट लोड फेल्ड. वुई रिस्टोअर्ड द ओल्ड फाइल अॅट ११:४० पीएम आयएसटी. नाऊ नोबडी विल मेस विथ इट विदाउट अप्रूव्हल."

---

वाशी_सेक्टर१७

शेवटचं वाक्य बदला. अर्थ बरोबर आहे, पण या मेलमध्ये तो बोलीतला शब्द एकटा पडतो, आणि 'नोबडी विल' हे वचन पाळणं तुमच्या हातात नाही. 'एनी चेंज टू धिस फाइल नाऊ नीड्स अ सेकंड पर्सन्स अप्रूव्हल' लिहा. म्हणजे नियम झाला. ११:४०च्या पुढे त्यांची वेळही घाला. क्लायंट न्यूयॉर्कच्या वेळेवर असेल तर सध्याच्या उन्हाळी घड्याळाने २:१० पीएम, त्याच दिवशी.

तारीख कशातून कशात बदलली तेही एका ओळीत येऊ द्या. दिवस-महिना होतं ते महिना-दिवस झालं, की उलट? त्यांचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारेल. १२ पर्यंतचा आकडा महिना म्हणूनही वाचला जातो, त्यामुळे महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या वाचल्या जाऊनही सिस्टिममध्ये लोड होऊ शकतात, त्या वेगळ्या तपासल्यात का, हेही लिहा.

---

गोखले_रोड

आणि 'वॉज चेंज्ड बाय मिस्टेक फ्रॉम अवर साइड'च्या जागी 'वुई चेंज्ड द डेट फॉरमॅट बाय मिस्टेक'. बाकी मेल पाठवण्यासारखा आहे.

---

ऐरोली_रात्रपाळी

१२ तारखेचं लक्षातच आलं नव्हतं. १ ते १२ च्या नोंदी आत्ता तपासायला घेतल्या आहेत, त्या झाल्या की दोन्ही दुरुस्त्यांसह मेल पाठवतो.